गज कुणाच्या हातात?

नागोयाला टोयोटाचं एक संग्रहालय आहे. मोटारी पाहायला म्हणून लोक आत शिरतात आणि आधी भेटतात ते माग. इमारतही जुन्या माग-कारखान्याचीच, लाल विटांची. इचलकरंजीहून माझे मामा आले होते. त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे फुजी पर्वतापेक्षा त्यांना हे दालन आवडणार हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी ओकिनावाकडच्या कापडाच्या इतिहासावर काम करते, त्यामुळे आमची जुंपणार हेही ठाऊक होतं. पुढे आहे ते त्या दालनात सुरू झालेलं आणि माझ्या स्वयंपाकघरात रात्री उशिरापर्यंत चाललेलं बोलणं. शिव्या गाळल्या आहेत. त्या बहुतेक लँकेशायरला, म्हणजे विलायती गिरण्यांना, होत्या.

मामा : माग थांबला नाही, बघितलंस? कांडी संपत आली तसा भरलेला धोटा आत, रिकामा बाहेर, आणि माग आपल्या वेगात चालूच. आमच्या साध्या मागावर कामगार माग बंद करणार, धोटा काढणार, कांडी बदलणार, मग परत चालू. कुठल्या सालचं म्हणाली ती माहिती सांगणारी मुलगी हे?

मी : १९२४. टोयोटाचं मूळ असलेल्या तोयोदा साकिचीचा ‘जी’ प्रकारचा माग. उभा धागा तुटला की माग आपोआप उभा राहतो, ती युक्ती तर त्याच्याही आधीची. पाचच वर्षांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले.

मामा : प्लॅट! अगं, मुंबईच्या गिरण्यांत जिकडे बघावं तिकडे त्यांची यंत्रं. आपण त्यांच्याकडून विकत घेत राहिलो आणि या सुताराच्या पोरानं त्यांनाच माग विकला. आपल्याकडे डोकी नव्हती का? होती. राज्य नव्हतं. राज्य आपलं असलं की माग जगतो, नसलं की मरतो. विषय संपला.

मामांचा विषय असा संपला की चहा टाकावा लागतो.

मी : राज्य त्यांचं होतं, पण हात बांधलेले होते, मामा. १८५८ मध्ये अमेरिका, इंग्लंड वगैरेंनी करार लादले. १८६६ मध्ये आयात जकात पाच टक्क्यांच्या आसपास बांधून टाकली. ती वाढवायचा पूर्ण अधिकार जपानला मिळाला १९११ मध्ये. म्हणजे ज्या काळात लँकेशायरचा माल योकोहामाच्या धक्क्यावर उतरत होता, त्या काळात या सरकारला त्याच्यासमोर भिंत उभी करता येत नव्हती.

मामा : मग विणकर वाचले कसे?

मी : परदेशी सुतावर. कापड बाहेरचं घेण्याऐवजी त्यांनी सूत बाहेरचं घेतलं. टोकियोजवळ कावागोए म्हणून गाव आहे. एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, शौकिनांना डच जहाजांतून येणाऱ्या मद्रास किनाऱ्याच्या बारीक रेघांच्या सुती कापडाची चटक होती. महाग, मोजक्यांनाच परवडणारं. बंदर उघडल्यावर कावागोएच्या एका व्यापाऱ्यानं योकोहामाहून गिरणीचं बारीक सूत आणलं, आसपासच्या विणकरांना दिलं आणि तसंच रेघांचं कापड हातमागावर काढलं. तुफान खपलं. नक्षी आपल्या मद्रासची, सूत साहेबाचं, हात जपानी.

मामा : आणि मुंबईचं सूत?

मी : त्याच्याकडेच येते. १८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांचं जाड सूत इथे एवढं उतरायला लागलं की जाड नंबरात त्यानं विलायती सुताला मागे टाकलं. जपानी खेड्यातल्या बाईच्या मागावर परळचं सूत चढत होतं.

मामांनी हे ऐकून मिशीवर हात फिरवला. मुंबईचा अभिमान इचलकरंजीकराला परदेशात गेल्यावरच वाटतो.

मामा : मग तर माझंच म्हणणं खरं. सूत आपण पुरवलं, माग त्यांचे वाढले. आपले विणकर मात्र उपाशी. ढाक्याच्या विणकरांचे अंगठे तोडले गोऱ्यांनी.

मी : अंगठ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. १७७२ मध्ये विल्यम बोल्ट्स नावाच्या, कंपनीच्याच एका माजी नोकरानं लिहून ठेवलंय की रेशीम गुंडाळणाऱ्या कामगारांनी स्वतःचे अंगठे तोडून घेतले. सक्तीनं काम करायला लावतील म्हणून.

मामा : स्वतःचे?

मी : स्वतःचे. मला ती गोष्ट तुमच्या गोष्टीपेक्षा जास्त भयंकर वाटते. पण ते बाजूला ठेवू. विणकर सगळेच उपाशी मेले हे खरं नाही. सूत कातणाऱ्या बाया गेल्या. आपल्याकडेही गेल्या, जपानातही गेल्या. घरोघरचा चरखा गिरणीच्या सुतापुढे टिकणं शक्यच नव्हतं. विणकर मात्र त्याच गिरणीच्या सुतावर तगला. सोलापूरला तेलंगणातून पद्मसाळी आले, मालेगावला उत्तरेतून मोमीन आले, ते सगळे ऐन इंग्रजी अमदानीत. मरणाऱ्या धंद्याकडे माणसं स्थलांतर करत नाहीत. १९३० च्या दशकातही देशात लागणाऱ्या कापडाचा सुमारे पाव हिस्सा हातमागावर निघत होता.

मामा : पाव! आणि बाकीचा पाऊण कुणी खाल्ला? तू हिशेब असा मांडतेस की लुटलेल्या घरात चार भांडी उरली म्हणून दरोडा पडलाच नाही. नागपूरच्या कोष्ट्यांना विचार, कसे तगले ते. मजुरी किती मिळायची ते विचार. तगणं म्हणजे जगणं नव्हे.

हे मामांचं बोलणं मला तेव्हाही बिनतोड वाटलं आणि लिहितानाही वाटतं. आकड्यांत जिवंत असलेला विणकर घरात कर्जबाजारी असू शकतो, आणि बहुतेक असायचाच. पण मामांना लगेच तसं म्हटलं असतं तर रात्र तिथेच संपली असती.

मामा : आता ऐक. यांच्या सरकारनं काय काय केलं ते मघाशी त्या पाटीवर तूच वाचून दाखवलंस.

मी : १८७२ मध्ये तोमिओकाला सरकारी रेशीम गिरणी काढली, फ्रेंच माणूस नेमून. त्याच साली क्योतोच्या निशिजिन पेठेतल्या तिघांना फ्रान्सला ल्योंला धाडलं. राजधानी टोकियोला गेली होती, दरबाराचं गिऱ्हाईक तुटलं होतं. तिघं जाकार्ड माग शिकून आले. म्हणजे दोघं आले. योशिदा चुशिची परतीच्या वाटेवर जहाज बुडून गेला. मग १८८२ मध्ये उद्योजक शिबुसावा एइची यांच्या पुढाकारानं ओसाका सूतगिरणी उभी राहिली, १०,५०० चात्यांची. पुढच्या वर्षी चालू झाली. १८९४ मध्ये सुतावरची निर्यात जकात काढली, १८९६ मध्ये कापसावरची आयात जकात काढली.

मामा : १८९६! आणि त्याच १८९६ मध्ये आपल्याकडे? आपल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी. आपल्याच देशात, आपल्याच कापसाच्या, आपल्याच कापडावर. का, तर लँकेशायरच्या मालाला साडेतीन टक्के जकात बसते, मग बरोबरी नको का व्हायला? एकीकडे सरकार गिरणीला काठी देतंय, दुसरीकडे गिरणीच्या पाठीत घालतंय. तीस वर्षं चालला तो कर, १९२६ पर्यंत. यावर बोल.

मी : यावर काय बोलणार? तो अन्याय होता.

मामा : लिहून ठेव.

मी : फक्त एक. तो कर गिरणीच्या कापडावर होता, हातमागाच्या नव्हता. शिवाय सुतावरची आयात जकातही तेव्हा उठवली. म्हणजे हातमागवाल्याला त्या वाकड्या कायद्यानं उलट थोडी सवलतच मिळाली.

मामा : साहेबानं परोपकार म्हणून दिली ती?

मी : नाही. आणि जपानी सरकारनंही १८९६ चा निर्णय परोपकार म्हणून घेतला नाही. कापसावरची जकात उठल्यावर आपला आणि चीनचा, पुढे अमेरिकेचा कापूस ओसाकात स्वस्त पडायला लागला. ओसाकाजवळच्या कावाची भागात पिढ्यान् पिढ्या कापूस पिकायचा. मिकावातही पिकायचा. तो कापूस संपला. कावाचीच्या शेतकऱ्याला कुणी बुडवलं? साहेबानं नाही. त्याच्या स्वतःच्या सरकारनं, गिरण्यांच्या सोयीसाठी.

मामा : पण आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला गिऱ्हाईक मिळालं ना?

मी : मिळालं. आणि ते मिळवायला मुंबईहून जमशेटजी टाटा स्वतः इथे आले, १८९३ मध्ये. मुंबई-जपान वाहतूक पी अँड ओ कंपनीच्या मुठीत होती, भाडं ती म्हणेल ते. टाटांनी शिबुसावांशी आणि इथल्या सूतगिरणीवाल्यांशी संधान बांधलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निप्पॉन युसेन कंपनीचं ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघालं. पी अँड ओनं भाडं इतकं पाडलं की टाटांची स्वतःची जहाजसेवा टिकली नाही, पण जपानी कंपनी टिकली.

मामा : का टिकली? मागे सरकार होतं! फिरून तिथेच येतेस बघ.

मी : येते. कारण ते खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की ‘आपलं राज्य’ म्हटलं की ‘आपलं’ म्हणजे कोण हे विचारायचं. १८९३ हे साल जरा लक्षात ठेवा.

मध्येच एक गोष्ट सांगायची राहिली, ती मामांना दालनात फार आवडली. ‘गाराबो’ नावाचं सूत कातायचं यंत्र. गाऊन तोकिमुने नावाच्या, पूर्वी भिक्षू असलेल्या माणसानं १८७३ मध्ये बनवलं. पत्र्याच्या उभ्या नळ्यांत कापूस ठासून भरायचा. नळ्या फिरतात, वरून धागा ओढला जातो आणि फिरण्यानंच त्याला पीळ बसतो. पीळ जास्त झाला की नळी धाग्याबरोबर उचलली जाते आणि फिरायची थांबते. धागा पातळ झाला की खाली बसते आणि परत फिरते. वजनाचा तोल, बाकी काही नाही. लाकूड, पत्रा आणि ओढ्यावरची पाणचक्की एवढ्यावर चालणारं. १८७७ च्या पहिल्या राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शनात त्याला मोठं बक्षीस मिळालं. पण पेटंटचा कायदा यायला १८८५ उजाडलं. तोवर गावोगाव लोकांनी नकला करून घेतल्या आणि तोकिमुनेच्या हाती फारसं काही लागलं नाही. मामा त्या नळ्यांपुढे वाकून उभे राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, “हे आमच्याकडच्या कुठल्याही फिटरला जमलं असतं.” ते दुःखानं म्हणाले की अभिमानानं, मला कळलं नाही.

मामा : आमचं गाव घे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग लावला. कशाच्या जोरावर? जहागीरदार नारायणराव घोरपडे पाठीशी होते म्हणून. इंग्रजी मुलखात तेवढं बळ कुणी दिलं असतं का? संस्थान होतं म्हणून इचलकरंजी झाली.

मी : झाली. आणि तोयोदाचा पहिला यंत्रमाग १८९६-९७ चा, त्याच सुमाराचा. लाकडी सांगाडा, लोखंड गरजेपुरतं, म्हणून आयात मागापेक्षा कितीतरी स्वस्त. तो ओसाकाच्या मोठ्या गिरण्यांसाठी नव्हताच, खेड्यातल्या छोट्या कारखान्यांसाठी होता. त्याच्याही आधी १८९० मध्ये त्यानं हातमागच सुधारला होता. फणी पुढेमागे ओढली की धोटा आपोआप पळायचा, एक हात मोकळा. हातमाग आणि यंत्रमाग हे भाऊ होते, वैरी नव्हते. १९१० च्या सुमारालाही जपानात यंत्रमागांपेक्षा हातमागच जास्त होते.

मामा : मग भांडण कशाचं आहे आपलं?

भांडण कशाचं आहे हे दाखवायला मी आतल्या खोलीतून एक पाकीट आणलं. त्यात मियाको बेटाच्या जोफु कापडाचा तळहाताएवढा नमुना आहे. गडद निळा, जवळजवळ काळा, त्यावर पांढऱ्या बारीक फुल्यांची नक्षी. मामांनी खिशातून पिकग्लास काढला. हे भिंग ते लग्नालाही घेऊन जातात. दिव्याखाली कापड धरून ते बराच वेळ उभ्याआडव्या धाग्यांच्या मोजणीत बुडाले.

मामा : सुती नाही हे. रेशीमही नाही. मेण लावलंय का?

मी : नाही. रॅमी नावाच्या झाडाची साल. सागरी शिंपल्यानं वरचा गर खरवडून काढायचा, राहिलेला तंतू नखानं केसाएवढा चिरायचा आणि टोकाला टोक पिळून जोडत जायचं. हातानंच. बहुतेक म्हाताऱ्या बायका करतात हे. एका किमोनोपुरतं सूत व्हायला महिनोन् महिने लागतात. मग नक्षीच्या हिशेबानं धागे आधीच बांधून निळीत पुन्हा पुन्हा बुडवायचे, मग विणायचं. शेवटी लाकडी मोगरीनं तासन् तास कुटायचं. ती चकाकी कुटण्याची आहे.

मामा : जोड दिसत नाही कुठे. काय हात असेल! आणि हेच म्हणतोय मी, गिरणीनं हे मारलं.

मी : नाही मामा. हे गिरणीनं वाढवलं नाही की मारलं नाही. हे करानं वाढवलं.

मग मी त्यांना सांगितलं. ओकिनावा हे पूर्वी रयुक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. १६०९ मध्ये दक्षिण जपानच्या सात्सुमा सरदारांनी त्यावर चाल करून ते अंकित केलं. सात्सुमाला खंडणी हवी, रयुक्यूच्या राजधानीला ती भरायला हवी, म्हणून लांबच्या मियाको आणि याएयामा बेटांवर डोईपट्टी बसली. सर्वसाधारणपणे तिची सुरुवात १६३७ ची मानतात. पंधरा ते पन्नास वयाच्या प्रत्येकावर. पुरुषांनी धान्य द्यायचं, बायकांनी कापड. पीक आलं काय, न आलं काय, डोकी मोजून वसुली. विणकाम गावच्या कचेरीत, कारकुनांच्या डोळ्यांसमोर. नक्षीसुद्धा बाईच्या मनची नाही. राजधानीहून चित्रं काढलेल्या वह्या यायच्या, रेघ न् रेघ तशी उतरली पाहिजे. आणि हे कापड जपानच्या बाजारात विकलं जायचं सात्सुमाच्या नावानं.

मियाकोत एक दगडी खांब दाखवतात, माणसाच्या छातीएवढा. मुलाची उंची त्याच्याएवढी झाली की कर सुरू, अशी गोष्ट सांगतात. कागदोपत्री मात्र कर वयावरून ठरे, उंचीवरून नव्हे; खांबाची गोष्ट बहुधा नंतरची. पण लोकांना अशी गोष्ट रचावीशी वाटली, यातही काहीतरी आहेच.

मामा : हे सरंजामी काळातलं झालं. मी नवीन जपानचं बोलतोय, १८६८ नंतरच्या.

मी : मीही. १८७९ मध्ये नव्या सरकारनं रयुक्यूचा राजा पदच्युत करून ओकिनावा खालसा केला. पहिली वसाहत असं त्याला कितीतरी अभ्यासक म्हणतात. आणि डोईपट्टी? ती तशीच ठेवली. जुन्या रीती बदलून असंतोष कशाला, हे धोरण. तोमिओकाला वाफेवरची गिरणी चालवणारं, ल्योंला माणसं धाडणारं सरकार मियाकोच्या बायकांकडून करापोटी कापड घेतच राहिलं. आता ते साल आठवा. १८९३. टाटा आणि शिबुसावा बोलणी करत होते त्याच वर्षी मियाकोहून चार माणसं टोकियोला अर्ज घेऊन निघाली. गुसुकुमा सेइआन ऊस शिकवायला बेटावर आलेला, नाकामुरा जिस्साकु मोत्यांची शेती करायला निइगाताहून आलेला, आणि बरोबर तिथलेच दोन शेतकरी. तुमच्या भाषेत सांगायचं तर, आपल्याच राज्याकडे, आपल्याच राज्याविरुद्ध. वर्तमानपत्रांत गवगवा झाला, संसदेत अर्ज गेला, आणि कर उठला १९०३ मध्ये.

मामा थोडा वेळ गप्प होते. पिकग्लास घडी घालून खिशात गेला. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात ते म्हणाले,

मामा : कर उठल्यावर विणकाम थांबलं का?

मी : नाही. वाढलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मियाकोचं कापड व्यापारी माल म्हणून जोरात खपलं.

मामा : बघ! म्हणजे हात वाईट नव्हते, धंदा वाईट नव्हता. मानेवरचं जू वाईट होतं. ते काढल्यावर त्याच बायकांनी जास्त विणलं. मग तू त्या कापडाला करानं वाढवलं असं कशाला म्हणतेस? कर असतानाही ते त्या बायकांनीच वाढवलं. करानं फक्त नेलं.

या वाक्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आजही अर्धंच आहे. अडीच शतकं सक्तीखाली जे कसब पिढ्यान् पिढ्या घासून बारीक झालं, त्याचं श्रेय सक्तीला देणं हा अपमानच आहे. पण सक्ती वजा करून ते कापड काचेच्या पेटीत ठेवलं की त्याचा सुंदर अनामिक वारसा होतो. टोकियोत कोमाबाला १९३६ मध्ये लोककला संग्रहालय उभारणाऱ्या यानागी मुनेयोशींनी १९३८ पासून ओकिनावाच्या वाऱ्या केल्या आणि तिथल्या कापडावर जीव ओवाळून टाकला. शाळांमधून ओकिनावाची भाषा दडपली जात होती तेव्हा, १९४० मध्ये, ते जाहीरपणे भांडलेही. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं की कापड दिसतं आणि वसुलीची वही दिसत नाही.

मी : व्यापारी माल झाला तेव्हा भाव बाईनं ठरवला असं नाही हो. व्यापारी ठरवायचा.

मामा : ते मला सांगतेस? (इथे ते पहिल्यांदा हसले.) आयुष्यभर जॉबवर्क केलं मी. बीम व्यापाऱ्याचं, सूत व्यापाऱ्याचं, माग माझा, वीजबिल माझं. तागा तपासायला बसला की तो काच लावणार, एवढे पीक (आडवे धागे) कमी आहेत, इथे डाग आहे, कापा मजुरी. आणि मी खाली कामगाराला पिकावर मजुरी देणार आणि त्याची कापणार. गज ज्याच्या हातात, भाव त्याचा. त्यात गोरा-काळा नसतो.

मी : मग तुमचं ‘राज्य आपलं असलं की माग जगतो’?

मामा : माग जगतो म्हटलं मी. मागवाला जगतो म्हटलं का?

खरं तर हेच मला म्हणायचं होतं, आणि ते मामांनी माझ्या आधी म्हटलं. ओसाकाच्या गिरण्या जगल्या त्या कशावर, हे होसोई वाकिझो या गिरणी कामगारानं १९२५ मध्ये गिरणीतल्या मुलींवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं आणि त्याच वर्षी तो वारला. खेड्यांतून आगाऊ रक्कम देऊन आणलेल्या मुली, वसतिगृहाच्या बंद दारांआड, दिवसपाळी आणि रातपाळी. १८८० च्या दशकातच विजेचे दिवे लावून ओसाका गिरणी रात्रंदिवस चालायला लागली. कारखाना कायदा झाला १९११ मध्ये, लागू झाला १९१६ मध्ये, आणि बायकांची रातपाळी प्रत्यक्षात बंद व्हायला १९२९ उजाडलं. मुंबईचे गिरणीमालक या रातपाळीविरुद्ध ओरड करत होते; बायकांना रात्री राबवून स्वस्त केलेला माल आमच्या अंगावर टाकतात, म्हणून. नारायण मेघाजी लोखंडे ज्यांच्याशी रविवारच्या सुट्टीसाठी झगडले, त्यांच्याच वारसांना १९२७ मध्ये एकदम जपानी मुलींचा कळवळा आला होता.

मामा : आणि मग हेच मुंबईवाले इंग्रज सरकारकडे गेले ना, जपान्यांना आवरा म्हणून?

मी : गेले. १९३३ मध्ये बिगर-ब्रिटिश कापडावर ७५ टक्के जकात बसली. जपान्यांनी उलट भारताचा कापूस घेणं बंद केलं. वऱ्हाडचा शेतकरी अडकला मध्येच. मग सिमल्याला वाटाघाटी झाल्या आणि १९३४ मध्ये करार: इतक्या गाठी कापूस घ्या, इतके वार कापड पाठवा. दहा लाख गाठींमागे साडेबत्तीस कोटी वार.

मामा : म्हणजे तिथेही गज दोघांच्याच हातात. शेतकरी आणि विणकर बाहेर उभे.

मी : आणि कोरिया विसरू नका. १८७६ मध्ये जपाननं कोरियावर तसाच करार लादला, जसा त्याच्यावर लादला गेला होता. सुरुवातीची काही वर्षं तर जकातच नाही. आणि जपानी व्यापाऱ्यांनी तिथे आधी विकलं ते कुणाचं कापड? लँकेशायरचंच. स्वतःच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर मग स्वतःचं.

मामा : शिकले चांगलं.

मी : तुम्हाला राग येत नाही याचा?

मामा : येतो. पण मी जपानचा वकील म्हणून आलेलो नाही गं. मी म्हणतोय, स्वतःचं राज्य नसतं तर तुझ्या मियाकोच्या चौघांना अर्ज द्यायला संसद तरी असती का? आमच्या विणकरानं अर्ज कुणाकडे द्यायचा होता, मँचेस्टरच्या चेंबरकडे? स्वराज्यानं न्याय मिळतो असं नाही. भांडायला दार मिळतं. वीस-पंचवीस वर्षं ठोठावावं लागतं, पण दार असतं.

मी : चोवीस वर्षं. १८७९ ते १९०३.

मामा : मोजलंस ना? आणि आमच्या त्या साडेतीन टक्क्याचं दार तीस वर्षं ठोठावत होतो, आणि आतून कडी निघाली ती गिरणी कामगारांनी मोठा संप केल्यावर. १९२५ चाच ना तो?

मी : १९२५. मालकांनी मजुरी कापायची ठरवली म्हणून कामगार बाहेर पडले, डिसेंबरात सरकारनं कर स्थगित केला, मग मजुरीची कपात मागे घेतली गेली.

मामा : म्हणजे कर मालकांवरचा, आणि उठवला कामगारांनी उपाशी राहून. हे तू मघाशी सांगितलं नाहीस.

मी : तुम्ही विचारलं नाहीत.

बारा वाजून गेले होते. मामांनी पुन्हा तो नमुना मागून घेतला, पण भिंग काढलं नाही. नुसता अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चोळून पाहिला, बाजारात पोत बघतात तसा. मियाकोत आज किती जणी हे करतात, त्यातल्या किती तरुण आहेत, एका ताग्याचे दुकानात किती पडतात आणि त्यातले विणणारीला किती मिळतात, असं एकामागून एक विचारत राहिले. १९७८ पासून या कापडाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा आहे, हे मी सांगितलं. दर्जाचं त्यांना काही नव्हतं. मजुरी मीटरवर की ताग्यावर, एवढंच हवं होतं.

मी : आता तर राज्य आपलंच आहे, मामा. इचलकरंजीत साधे माग भंगारात किलोवर जातायत म्हणे.

मामा : जातायत. माझे चार गेले. त्यावर उद्या बोलू, त्याला एक रात्र पुरायची नाही. पण तो १८९६ चा साडेतीन टक्के तू लेखात घालणार आहेस की नाही? सरळ घाल. हातमागाला सवलत मिळाली वगैरे शेपूट लावू नकोस.

मी : शेपूट राहणार.

मामा : मग त्याच्याखाली लिही, मामांना मान्य नाही.